जुनं घर, नवा प्लॉट आणि मधले कागद

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोर घराच्या कर्जाचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण आपल्याकडे घर बांधायला काढलं की पहिली पूजा गणपतीचीच होते, चौकटीवर गणपतीच बसतो. तेव्हा विषय अगदीच परका नाही. कर्जाचे कागद तपासण्यात माझी नोकरी गेली. त्या अनुभवातून चार हिशेबाच्या गोष्टी सांगाव्यात, एवढाच आजचा हेतू आहे.

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ ही म्हण आपण सगळेच म्हणतो. आजकाल तिला एक प्रश्न जोडला जातो: बांधूनच पाहावं, की बांधलेलं विकत घ्यावं? ठाणाकुशनूरसारख्या गावात हा प्रश्न घरोघरी आहे. भाऊ वेगळे निघतात. मुलगा नोकरीला लागतो. कोणी रिटायर होऊन गावी परत येतो. समोर दोन वाटा असतात. गावाबाहेर प्लॉट घेऊन चार खोल्या बांधायच्या, किंवा गावातलं कोणाचं तरी जुनं घर घेऊन दुरुस्त करायचं. लोक विचारतात, यात स्वस्त काय? मी म्हणतो, आधी हे विचारा की बँक कशावर कर्ज देईल. असं का म्हणतो, ते आता हिशेबानेच पाहू.

आकडे मी फक्त हिशेबापुरते धरतो आहे. आपल्या गावचा भाव तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता, तो यात घालून घ्या.

समजा 30 बाय 40 चा, म्हणजे 1200 चौरस फुटांचा प्लॉट 4 लाखांना मिळाला. मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावरचे सेस-सरचार्ज, आणि नोंदणी फी. ही फी कर्नाटकात 1 टक्का होती, ती 31 ऑगस्ट 2025 पासून 2 टक्के झाली. सगळं मिळून साडेसात टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे 31 हजार. त्यावर 550 चौरस फुटांचं बांधकाम, 1800 रुपये फुटाने 9 लाख 90 हजार. बहुतेक लोक इथेच बेरीज थांबवतात आणि ‘चौदा लाखांत घर’ म्हणतात. पण बोअर, टाकी, सेप्टिक टँक, विजेचं कनेक्शन, कंपाउंड यांचे दीड लाख राहिले. नकाशा, परवाना, मूल्यांकन यांचे 25 हजार. बांधकाम चालू असताना वर्षभर दुसरीकडे राहायचं भाडं, महिना 3 हजार धरलं तरी 36 हजार. गुत्तेदाराने काहीही सांगितलं असलं तरी बांधकामाच्या दहा टक्के, म्हणजे 99 हजार, वरखर्चाला हाताशी हवेतच. आणि 11 लाखांचं कर्ज टप्प्याटप्प्याने उचललं, तर साडेआठ टक्क्यांनी त्या वर्षाचं व्याज साधारण 47 हजार. एकूण 17 लाख 78 हजार.

आता दुसरी वाट. गावातलं पक्कं जुनं घर 11 लाखांना घेतलं. रजिस्ट्रीचे 84 हजार. छताची गळती, वायरिंग, संडास-बाथरूम यांची दुरुस्ती अडीच लाख. वकील आणि मूल्यांकन 20 हजार. जुन्या घरात भिंत फोडल्यावर आत काय निघेल ते सांगता येत नाही, म्हणून दुरुस्तीच्या वीस टक्के, म्हणजे 50 हजार वेगळे ठेवू. एकूण 15 लाख 4 हजार.

जुनं घर पावणेतीन लाखांनी स्वस्त दिसतं. पण नवं घर नीट बांधलं तर पुढची तीस वर्षं मोठा खर्च काढत नाही. जुन्याचं छत दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा पैसे मागणार. म्हणजे फरक वाटतो तेवढा मोठा नाही.

याहून मोठा फरक कर्जाच्या मुदतीत लपलेला असतो. 11 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता 9,546 रुपये. तेच 15 वर्षांसाठी घेतलं तर 10,832. महिन्याला 1,286 रुपयांचा फरक. पण 20 वर्षांत व्याज जातं 11 लाख 91 हजार, आणि 15 वर्षांत साडेआठ लाख. जवळजवळ 3 लाख 40 हजारांचा फरक! नवं की जुनं यावर घरात महिनाभर वाद होतो, आणि मुदतीचा आकडा मात्र फॉर्मवर कोणीतरी दुसराच भरतो.

शेतकरी कुटुंबांसाठी आणखी एक सांगतो. आपलं उत्पन्न महिन्याला येत नाही. सोयाबीन आणि तूर विकली, ऊस कारखान्याला गेला, की एकदम येतं. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकेने दंड लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2012 पासून आहे. या 15 वर्षांच्या कर्जात नेहमीच्या हप्त्याशिवाय दरवर्षी सुगीनंतर एकदाच 50 हजार भरले, तर कर्ज 9 वर्षांत संपतं आणि व्याजाचे साडेतीन लाखांहून अधिक वाचतात. भरताना एवढंच लेखी सांगायचं: हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा सगळा हिशेब बँकेच्या कर्जाचा झाला. बँकेने नाही म्हटलं तर?

समजा 4 लाखांच्या प्लॉटऐवजी कोणी तीन लाखांचा दाखवला. जागा तेवढीच, रस्ताही बरा, फक्त कागद जरा कच्चा. लाख रुपये वाचले म्हणून माणूस खूश होतो. पायापर्यंत स्वतःची बचत पुरते. पुढे बँकेत जातो, तर बँक कागद परत करते. मग बाहेरून 3 लाख उचलतो, शेकडा तीनने. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. 3 लाखांवर महिन्याला 9 हजार नुसतं व्याज, आणि मुद्दल तिथेच उभं. तिकडे बँकेच्या 11 लाखांचा 20 वर्षांचा पूर्ण हप्ता, मुद्दलासकट, साडेनऊ हजार! तीन लाखांचं नुसतं व्याज अकरा लाखांच्या हप्त्याला भिडतं. लाख रुपये वाचवायला गेलेल्याने सर्वांत महाग घर बांधलेलं असतं. त्यातून बाहेर पडायला पुढे बायकोचं सोनं जातं, नाहीतर बांधाकडचा एकर जातो. अशी घरं आपल्या सीमाभागात आहेत. स्लॅब पडलेला, खिडक्यांना विटा रचलेल्या आणि अंगणात बाभळी वाढलेल्या.

म्हणून कागद पाहायला शिकू. आधी प्लॉटचे.

उदगीर-देगलूरकडच्या पाहुण्यांच्या तोंडी सातबारा आणि नमुना आठ असतो. आपल्याकडे शेतीला पहाणी आहे आणि गावातल्या घरजागेला पंचायतीचे फॉर्म आहेत. 2013 पासून हे फॉर्म ‘ई-स्वत्तू’ या संगणक व्यवस्थेतून निघतात. त्यातले तीन आकडे लक्षात ठेवा: 9, 11-ए आणि 11-बी. गावठाणातली जागा, सरकारी योजनेत मिळालेली जागा किंवा रीतसर एनए करून मंजूर लेआउटमध्ये पाडलेला प्लॉट असेल, तर फॉर्म 9 आणि 11-ए मिळतो. बाकी जागांची पंचायतीत नोंद झालेली असते, घरपट्टीही घेतली जाते, पण कागद मिळतो 11-बी. लोक म्हणतात, ‘पंचायत पट्टी घेते, म्हणजे जागा कायदेशीर आहे.’ तसं नाही. पट्टी भरल्याने मालकी सिद्ध होत नाही आणि शेतजमिनीचा प्लॉटही होत नाही. बहुतेक बँका 11-बीवर घरकर्ज देत नाहीत. इसार देण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: 11-ए आहे की 11-बी?

शेतजमीन बिगरशेती करायची परवानगी 1964 च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या 95 व्या कलमाखाली मिळते. विकणारा ‘एनए होणार आहे’ म्हणाला, तर झाल्यावर या म्हणून सांगा. सर्व्हे नंबरातला तुकडा घेत असाल तर मोजणीचा 11-ई नकाशा मागा. जमीन इनामी किंवा देवस्थानची तर नाही ना, हे पाहा. सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली जमीन सरकारच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. तसा 1978 चा कर्नाटकाचा कायदा आहे, आणि असा व्यवहार वर्षानुवर्षांनीही रद्द होऊ शकतो.

आणि बॉण्डवरचा व्यवहार! ‘शंभराच्या बॉण्डवर नोटरी केली, ताबा घेतला, झालं.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीचं खत नोंदवावंच लागतं. नुसता करार किंवा मुखत्यारपत्र यांनी मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर 2011 मध्ये स्पष्ट सांगितलं. बॉण्डवर घेतलेल्या जागेत तुम्ही राहू शकाल, पण बँकेच्या लेखी ती जागा अजून विकणाऱ्याचीच आहे.

आता जुन्या घराचे कागद. इथे आपल्या भागाची अडचण निराळी आहे. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि दफ्तराची भाषा उर्दू होती. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडे गेले. औराद, भालकी, हुमनाबाद इकडे राहिले आणि दफ्तर कन्नडमध्ये आलं. त्यामुळे एकाच घराचं पणजोबांचं खत उर्दूत, आजोबांची वाटणीची यादी मराठीत आणि आजचा उतारा कन्नडमध्ये असं होतं. नाव एका लिपीतून दुसरीत जाताना बदलतं. आडनाव गळतं, वडिलांचं नाव पुढे येतं, ‘राव’ कधी लागतो, कधी नाही. माणूस एकच, पण कागदावर तीन होतात. बँकेचा वकील इथेच थांबतो. हे दुरुस्त होतं, पण प्रतिज्ञापत्र आणि वारसाचे दाखले लागतात, आणि वेळ लागतो. हे काम विकणाऱ्याने करायचं आहे, आणि इसाराच्या आधी करायचं आहे. जुना उर्दू कागद असेल तर जाणत्याकडून वाचून घ्या, त्याचा मजकूर लिहून ठेवा. असे कागद वाचणारी पिढी आता थोडीच उरली आहे.

कन्नड वाचता येत नसेल, तर खत सहीआधी ओळ न् ओळ वाचून, मराठीत अर्थ सांगायला लावा. त्यात कमीपणा काही नाही. आपल्या घरातली मुलं कन्नड शाळेत शिकतात, त्यांनाच बसवा. चतुःसीमा त्यांच्याकडून वाचून घ्या आणि जागेवर जाऊन पाहा. पूर्वेला कोणाचं घर लिहिलं आहे, आणि प्रत्यक्षात कोणाचं आहे? मधली भिंत सामाईक आहे का? पाणी कोणाच्या अंगणातून जातं? गावठाणातली भांडणं बहुतेक या तीन प्रश्नांतूनच निघतात. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होते, आणि कर्नाटक व महाराष्ट्र ही पहिल्या राज्यांत होती. त्या योजनेतलं मिळकतपत्र निघालेलं असेल तर अवश्य मागा.

उपनिबंधक कार्यालयातून निदान तीस वर्षांचा बोजा दाखला, म्हणजे ई.सी., काढा. नोंदणीकृत व्यवहार असतील तर तो फॉर्म 15 मध्ये येतो, काहीच नसेल तर फॉर्म 16 मध्ये. पण त्यात फक्त नोंदलेले व्यवहार दिसतात. शेतजमिनीवरचं सोसायटीचं कर्ज पाहायचं तर पहाणीवरचा बोजाचा रकाना वाचावा लागतो.

यानंतरचा मुद्दा जरा नाजूक आहे, पण तो टाळून चालणार नाही. जुनं घर बहुधा वडिलोपार्जित असतं. विकायला थोरला भाऊ येतो. धाकट्याची सही होते. बहिणींचं काय? कर्नाटकात 1994 च्या दुरुस्तीने लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर तो मुलाच्या बरोबरीचा झाला. वडील त्या दिवशी हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. तेव्हा घेणाऱ्याने सर्व बहिणींच्या सह्या खतावर घ्याव्यात, किंवा त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावं. ‘आमच्या बहिणी काही मागत नाहीत’ या शब्दावर घर घेऊ नका. आणि विकणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. याच दिवसांत महालक्ष्म्यांना लेकी माहेरी येतात. त्यांच्यासमोर विषय काढा, मोकळेपणाने बोला, ज्याचं त्याला द्या. ऐन रजिस्ट्रीच्या दिवशी गाडी पाठवून अंगठा घ्यायला बोलावणं, यात ना बहिणीचा मान राहतो ना व्यवहाराचा भरवसा.

कागद झाले. आता भिंतींकडे वळू, कारण जुनं घर घेताना भिंत हाही एक दस्तऐवजच असतो.

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली. इथल्या वडीलधाऱ्यांना ती पहाट आठवत असेल. तेव्हाच्या सरकारी नकाशात तो भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मेली ती मुख्यतः घरं अंगावर पडून. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेला, मध्ये भराव, आणि वर लाकडावर फूट-दोन फूट मातीचं माळवद. आपल्याकडचे जुने वाडे याच पद्धतीचे. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून माळवदावर माती चढवत गेलो, आणि वजन डोक्यावर साठत गेलं.

म्हणून काय, जुनं घर घेऊच नये? तसं नाही. पण पाहून घ्यावं. भिंतीला पोट सुटलंय का? कोपऱ्यात भिंती एकमेकींपासून सुटल्यात का? माळवदावर माती किती आहे? तुळ्यांना वाळवी आहे का? सिमेंटचं घर असेल तर स्लॅबचे पोपडे निघून लोखंड दिसतंय का? किल्लारीनंतर दुरुस्तीच्या कामात जे उपाय शिकवले गेले ते आजही लागू आहेत: माळवदावरची जास्तीची माती उतरवणं, भिंतीचे दोन थर जोडणारे आरपार सांधे घालणं आणि दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना काँक्रीटचा पट्टा फिरवणं. हा खर्च दुरुस्तीत आधीच धरा. त्याने हिशेब बसत नसेल, तर तुम्ही घर नव्हे, जागा विकत घेताय असं समजा आणि भावही जागेचाच द्या.

ही तिसरी वाट आहे, आणि लहान घर हवं असणाऱ्यांनी तिचा जरूर विचार करावा. गावठाणातलं पडकं घर स्वच्छ कागदांसह घ्यायचं, उतरवायचं आणि तिथेच नवं बांधायचं. रस्ता, नळ, वीज आधीच असते. सागवानी तुळ्या, खांब आणि काळा दगड यांचे पैसे होतात किंवा तेच पुन्हा वापरता येतात. आणि गावाच्या मध्यावरची अंधारलेली घरं पुन्हा नांदती होतात.

नवं बांधणाऱ्यांसाठी जमिनीबद्दल एक गोष्ट. बीदर शहराच्या पठारावर जांभा आहे, आपल्याकडे बरीचशी काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या घरालाही भेगा पाडते. मुरूम लागेपर्यंत पाया न्या, काळी माती काढून मुरमाचा भराव करा, प्लिंथला बीम फिरवा. म्हणून प्लॉट घेण्याआधी एका कोपऱ्यात खड्डा घेऊन पाहा. मुरूम चार फुटांवर आहे की नऊ, यावर पायाचा खर्च ठरतो, आणि तो प्लॉटच्या भावात दिसत नाही.

बँकेचे पैसे प्लॉटवर कसे मिळतात, हेही समजून घ्या. नुसत्या प्लॉटला कर्ज देताना बँक ठराविक मुदतीत घर बांधण्याची हमी लिहून घेते. बांधकामाचं कर्ज एकदम मिळत नाही. प्लिंथ, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर असे टप्पे होतात, तसं मिळतं. आधी तुमचा वाटा लागतो, मग बँकेचा. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या नव्वद टक्के आहे, पण ती वरची मर्यादा आहे. प्रत्यक्षात तुमचं उत्पन्न आणि मूल्यांकन पाहून बँक कमी देते. जुन्या घराला खतावरची किंमत आणि बँकेचं मूल्यांकन यांत जी कमी असेल त्यावर कर्ज मिळतं, आणि घराचं उरलेलं आयुष्य पाहून मुदत ठरते. म्हणून खतावर किंमत कमी दाखवून बाकी रोख देण्याची जुनी सवय कर्ज घेणाऱ्याच्याच मुळावर येते. शिवाय स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेतली, तर आयकर कायद्याने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

नोकरदारांना आयकराचा प्रश्न असतो. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या कर्जावर वर्षाला 2 लाखांपर्यंत व्याजाची वजावट आहे, पण घर पूर्ण झाल्यावर, आणि बांधकाम पाच वर्षांत व्हायला हवं. रिकाम्या प्लॉटच्या कर्जाला ती नाही. नव्या करपद्धतीत राहत्या घराला ही वजावटच नाही. तेव्हा ‘टॅक्स वाचतो’ म्हणून घर घेऊ नका. आधी तुमची करपद्धत कोणती ते पाहा.

आणि घर लहान बांधायला लाजू नका. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट आहे. किल्लारीनंतर वसवलेल्या गावांत भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फुटांची घरं मिळाली. पुढे लोकांनी ऐपतीप्रमाणे ती वाढवली. पाया आणि कॉलम पुढचा विचार करून घाला, जिन्याला जागा ठेवा, आणि आज एक खोली, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम एवढंच पूर्ण करा. पूर्ण झालेल्या दोन खोल्यांत राहता येतं. अर्धवट राहिलेल्या सहा खोल्यांत राहता येत नाही, आणि त्यांचा हप्ता मात्र पूर्ण भरावा लागतो.

मग माझं मत काय? हातात किमतीचा तिसरा हिस्सा रोख असेल, वर्षभर भाड्याने राहायची तयारी असेल, घरातलं कोणीतरी रोज बांधकामावर उभं राहणार असेल आणि प्लॉट 11-ए असेल, तर बांधा. बचत कमी असेल, लगेच राहायला जायचं असेल, बांधकामावर लक्ष द्यायला माणूस नसेल, आणि घर पक्कं व सर्व वारसांच्या सह्या मिळणारं असेल, तर जुनं घ्या. भिंती गेलेल्या पण कागद चांगले असतील, तर जागेच्या भावाने घ्या आणि उतरवून बांधा. आणि कागदच चांगले नसतील, तर नवं असो की जुनं, भाव कितीही पाडून मिळत असला तरी हात जोडा आणि परत या. बँकेने कागद परत केले तर अपमान मानू नका. परत का केले ते लिहून मागा. ती दोष दाखवणारी यादी आहे. ती विकणाऱ्यापुढे ठेवा. दोष दुरुस्त झाले तर घ्या, नाही झाले तर तुम्ही वाचलात.

मंडळाला एक सूचना करतो. आपल्यात उर्दू खतं वाचणारी दोन-चार ज्येष्ठ मंडळी आहेत, कन्नड उत्तम येणारी मुलं-मुली आहेत, निवृत्त तलाठी आणि शिक्षक आहेत. दर महिन्याला एक संध्याकाळ त्यांनी इथे बसावं आणि ज्याला घर किंवा जागा घ्यायची आहे त्याचे कागद वाचून द्यावेत. सल्ला वकिलाचाच घ्यावा, पण निदान कागदात काय लिहिलं आहे हे तरी प्रत्येकाला इसाराच्या आधी कळावं. या उत्सवातून एवढी एक गोष्ट सुरू झाली, तर पुढच्या गणपतीपर्यंत एखादं तरी घर शेकडा तीनच्या पैशातून वाचेल.

शेवटचं. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत मिळालेच पाहिजेत. बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला 5 हजार रुपये तुम्हाला द्यावे लागतील, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. ते कागद आणा, देवासमोर ठेवा, आणि मग मुलांना आणि मुलींना, दोघांनाही, बसवून एकदा वाचून दाखवा. आपल्या घराचा कागद कोणत्या भाषेत आहे आणि त्यात काय लिहिलं आहे, हे पुढच्या पिढीला ठाऊक असू द्या.

 गणपती बाप्पा मोरया!